अंगठ्याखालची दांडी

माझी गाडी वळणावर नीट जायची आणि सरळ रस्त्यावर थरथरायची. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. वळणावर माणसाची तारांबळ उडते. सरळ रस्त्यावर काही करायचं नसतं, अंगठा दांडीवर नुसता टेकवून ठेवायचा असतो. माझी गाडी नेमकी तिथेच बारीक बारीक डावी-उजवीकडे हलायची.

ही गाडी कॉम्प्युटरवरच्या गेममधली. रविवारी संध्याकाळी मी आणि माझी मुलगी खेळतो. ती पुण्यात नोकरीला, मी तुमसरला. इंटरनेटवरून दोघींच्या गाड्या एका रस्त्यावर धावतात आणि कानाला हेडफोन असल्यामुळे बोलणं चालू राहतं. साध्या फोनवर आमचं बोलणं "जेवली का"च्या पुढे फारसं सरकत नाही. गाडी चालवताना मात्र ती ऑफिसातली भांडणं, घरमालकीण, सर्दी-खोकला, सगळं सांगते. म्हणून मी खेळते. मला गेमचा शौक आहे असं कोणी समजू नये.

"आई, तुही गाडी पिऊन चालली का वं?" ती म्हणाली.

"रिमोट खराब झाला," मी म्हटलं.

"मग बदल ना. दुकान तं तुहंच आहे."

दुकान माझंच आहे. कॉम्प्युटरचं सामान विकायचं, दुरुस्त करायचं, हा माझा धंदा. माझे यजमान भंडाऱ्याला सरकारी ऑफिसात जातात, रोज बसने. दुकानाशी त्यांचा संबंध बल्ब बदलण्यापुरता. गेम खेळायच्या कंट्रोलरला आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणतात. मीही सुरुवातीला बरोबर नाव सांगायची, मग सोडून दिलं.

रिमोट या वस्तूचं सगळं वय माझ्या काउंटरवर गेलं आहे. मी दुकान उघडलं तेव्हा विमान चालवतात तशी एक उभी काठी यायची. तिची जाड पिन कॉम्प्युटरच्या मागे स्क्रू लावून बसवायची आणि दर वेळी कॉम्प्युटरला शिकवायचं, की ही काठी डावीकडे गेली, ही उजवीकडे, आणि ही मधे उभी आहे. मग चपटे, साबणाच्या वडीएवढे पॅड आले. त्यावर अधिकच्या चिन्हासारखं एक बटण, डावीकडे दाबलं की गाडी डावीकडे, पूर्ण. अर्धं, पाव असं काही नाही. मग दोन्ही बाजूंना धरायला मुठी आल्या, दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या आल्या, आत दोन मोटरी बसल्या आणि टक्कर झाली की रिमोट हातात गुरगुरायला लागला. वायर गेली. बोटांच्या मागे जास्तीची बटणं आली. आता दांडीखाली लोहचुंबक आलं आहे.

धंद्याच्या दृष्टीने त्या चुंबकाआधीची वीसेक वर्षं चांगली होती. कारण दांडीखाली कार्बनचा एक पट्टा असतो, त्यावर धातूची जिभली घासत राहते, आणि पट्टा झिजला की दांडीला हात न लावताही खेळातला माणूस आपोआप एकीकडे चालायला लागतो. त्यात आमचं गाव. दुकानाच्या दोन्ही बाजूंना राईस मिल आहेत. हंगामात धानाच्या कोंड्याची धूळ हवेत अशी भरलेली असते की सकाळी पुसलेली काच दुपारी बोटाने लिहिता येईल अशी होते. ती धूळ दांडीच्या गळ्यातून आत जाते. पुण्यात जो रिमोट चांगला टिकेल तो इथे पुढचा हंगाम पाहत नाही.

"काकू, ॲनालॉग ओढते," असं म्हणत पोरं दांडी दाखवायला यायची.

"कोंडा गेला असंल. ठेवून जा."

आठवड्यातून एकदा तरी हे बोलणं व्हायचंच. म्हणून माझी गाडी थरथरली तेव्हा मी तेच समजले. किंवा समजायचं ठरवलं.

सोमवारी दुकानात मी माझा रिमोट उघडला. आत कोंडा होताच. मला बरं वाटलं. ब्रशने झाडला, स्प्रे मारला, सुकवला, बंद केला. रविवारी गाडी पुन्हा थरथरली. मग वाटलं, आतल्या मोटरी. त्यांचं कंपन हाताला लागून अंगठा हलत असेल. सेटिंगमध्ये जाऊन कंपन बंद केलं. तरी थरथर होतीच. मग डावी दांडी मुळापासून काढून नवी बसवली. हे बारीक काम आहे, चौदा ठिकाणचं शिसं वितळवावं लागतं, आणि ते मी डाव्या हातात रिमोट धरून, उजव्या हातात शिसं वितळवायचा तापता कावीया घेऊन नेहमी करते. या वेळी एका जागी कावीया भलतीकडे लागला. कावीया उजव्या हातात होता आणि उजवा हात हलला नव्हता. हलली होती ती डाव्या हातातली वस्तू.

मी तो रिमोट क्लॅम्पला लावला आणि काम पूर्ण केलं. त्याबद्दल जास्त विचार केला नाही. म्हणजे, करायचा नाही असं ठरवून भाजी आणायला गेले.

एक गोष्ट मला पहिल्या रविवारपासून माहीत होती आणि ती मी स्वतःला सांगत नव्हते. झिजलेली दांडी ओढते. एका बाजूला, सरळ, हट्टाने. थरथरत नाही. इतकी वर्षं हे काम केल्यावर ओढणं आणि थरथरणं यांतला फरक मला झोपेतही कळला असता.

तरीही मी पुढची गोष्ट केली, जी मी गिऱ्हाइकांना सांगते. दांडीच्या मध्याभोवती एक छोटं वर्तुळ आखता येतं. दांडी त्या वर्तुळात कितीही हलली तरी गेमने तिकडे लक्ष द्यायचं नाही. त्याला डेड झोन म्हणतात. रिमोट जुना झाला की हे वर्तुळ थोडं वाढवायचं, अजून काही महिने निघतात. मी माझं वर्तुळ वाढवलं. गाडी सरळ धावायला लागली. मुलगी म्हणाली, "आता कसं!" महिनाभराने गाडी पुन्हा हलायला लागली. मी वर्तुळ अजून वाढवलं. पुढे ते इतकं मोठं झालं की गाडी वळवायला दांडी जवळजवळ कडेपर्यंत न्यावी लागायची. दांडी आणि अंगठा, दोघांपैकी कोणाचं काय बिघडलं हे न विचारता दोघांनाही मी झाकून टाकलं होतं.

मी कशाला भीत होते ते सांगायला हवं.

माझ्या वडिलांचं भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. लग्नाच्या दिवसांत भांड्यांवर नाव टाकायला रांग लागायची. नाव टाकणं म्हणजे बारीक टोकाच्या छिन्नीवर हलकी हातोडी मारत ठिपक्या-ठिपक्याने अक्षर उमटवणं. बाबा हे काम दुसऱ्या कोणाला देत नसत. एका वर्षी त्यांचे ठिपके जोडीने पडायला लागले. एकाच्या जागी दोन, चिकटून. बाबांनी छिन्नीला धार लावून आणली. मग छिन्नी बदलली. मग म्हणाले, आताचा पत्राच पातळ येऊन राहिला, नागपूरवाले बदमाश झाले. मग हातोडी बदलली. आमच्या घरात वस्तू बिघडते, माणूस बिघडत नाही, अशी पद्धत होती. छिन्नी त्यांच्या डाव्या हातात असायची.

हा आजार आहे हे आम्हाला कळलं तेव्हा त्यांना कपबशी धरवत नव्हती. त्यानंतरची बरीच वर्षं मी पाहिली, कारण आई थकली होती आणि मी आठवड्यातले काही दिवस तिथेच असायची. शर्टाचं बटण लागत नाही, मग शर्ट घालता येत नाही. पाऊल दाराच्या उंबऱ्यापाशी चिकटतं, उचलत नाही. चेहऱ्यावर राग, हसू काही उमटत नाही, आणि आत माणूस तोच असतो, सगळं समजणारा. शेवटी घास गिळता येत नाही. मी भरवायची तेव्हा ते माझ्याकडे बघत. त्यांना काय म्हणायचं असे ते मी त्या काळात ओळखू शकले नाही आणि आता ओळखावं लागेल की काय, ही ती भीती होती. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. कोणती गोष्ट दारात उभी होती ते कळावं म्हणून लिहिते.

चुंबकाचे रिमोट माझ्या दुकानात आले तेव्हा कंपनीच्या माणसाने मोठं कौतुक केलं. "मॅडम, यात काही घासतच नाही. चुंबक फिरतं, खालची चिप त्याचा अंदाज घेते. कोंडा जाऊ द्या नाहीतर रेती. ओढायचा प्रश्नच नाही."

मी एक स्वतःसाठी काढून घेतला. डेड झोन अगदी लहान ठेवला, नव्या वस्तूला मोठा ठेवायचं कारण काय? रविवारी सरळ रस्त्यावर आले आणि गाडी थरथरायला लागली, आधीपेक्षा जास्त. नवा रिमोट जास्त नाजूक होता. त्याला केसाएवढी हालचाल कळत होती.

त्या जुन्या साबणवडी पॅडची मला त्या दिवशी फार आठवण झाली. त्याचं बटण एक तर दाबलेलं असायचं नाहीतर सुटलेलं. हात कसा आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. पुढे दर पिढीत बनवणाऱ्यांनी रिमोटला हाताचं थोडं-थोडं जास्त ऐकायला शिकवलं, किती दाबलं, किती झुकवलं, किती हळू. आम्ही दुकानदार ते वाढवून-वाढवून सांगत विकत आलो. आता तो ऐकत होता, आणि माझ्याकडे धूळ, पट्टा, मोटर असं दाखवायला काही उरलं नव्हतं.

तरी मी तो रिमोट खराब माल म्हणून परत पाठवायच्या ढिगात टाकला. दुसऱ्या दिवशी एक कॉलेजची मुलगी आली. तिला हाच हवा होता आणि दुकानातले बाकीचे संपले होते. तिने ढिगात पाहिला.

"काकू, हा काहून ठेवला तिकडे?"

"खराब आहे. थरथरते."

"लावून पाहू?"

मी नको म्हणायला हवं होतं. तिने लावला, डेमोचा गेम चालू केला आणि आमच्या काउंटरला कोपर टेकून गाडी अशी पळवली की रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून चाक हललं नाही.

"काकू, हा तं एकदम मक्खन आहे. कोणं सांगितलं तुमाले खराब आहे?"

"आलं होतं एक गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"त्याले चालवता येत नसंल," ती हसली. "मी घेऊ का मग?"

मी तिला तो दिला नाही. उद्या दुसरा येतो सांगून तिला परत पाठवलं. ती थोडी नाराज होऊन गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. मला ती दुकानातून जायला हवी होती.

तपासायची रीत अगदी सोपी आहे. गिऱ्हाइकासमोर मी रोज करते. एक छोटा प्रोग्राम उघडायचा. पडद्यावर एक गोल, त्यात एक ठिपका. ठिपका म्हणजे दांडी. रिमोट टेबलावर ठेवून हात काढून घ्यायचा. ठिपका हलला तर रिमोटचा दोष. नाही हलला तर रिमोट चांगला, घरी जा. कित्येक महिने मी स्वतःच्या रिमोटची ही तपासणी केली नव्हती. तो उघडला होता, धुतला होता, त्याची दांडी बदलली होती, पण टेबलावर ठेवून हात काढून घेतला नव्हता.

दुपारी बाजार ओसरतो. मी शटर अर्धं ओढलं, प्रोग्राम उघडला, रिमोट टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतले. दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

ठिपका मधे उभा होता. बाजूच्या मिलची मोटर चालू होती, टेबल किंचित हादरत होतं, तरी ठिपका हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानातली एखादी वस्तू बिघडलेली निघावी म्हणून वाट पाहत बसले. चुंबक चुंबकाचं काम करत होतं.

मग मी रिमोट उचलला आणि डावा अंगठा दांडीवर टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. ठिपका थरथरायला लागला. त्याला एक लय होती, घड्याळाच्या काट्यापेक्षा कितीतरी जलद. मी दांडी डावीकडे दाबून धरली. थरथर थांबली. सोडली, पुन्हा सुरू. म्हणून वळणावर गाडी नीट जात होती. काम असलं की हात शहाणा, विसावला की सुटलेला. बाबांचा हातही मांडीवर ठेवला की हलायचा आणि काठी धरली की थांबायचा.

मी प्रोग्राम बंद केला, शटर वर केलं. संध्याकाळपर्यंत एक माऊस आणि दोन चार्जर विकले.

घरी यजमानांना सांगितलं. ते बसने आले होते, पाय धूत होते.

"डावा अंगठा हलून राहिला माझा."

"थंडीनं असंल."

"एप्रिल आहे जी."

ते टॉवेल घेऊन तसेच उभे राहिले. मग माझा डावा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला, जणू काही आत बघता येईल. "बाबांसारखं?" त्यांनी विचारलं. मी हात सोडवून घेतला. "पोरीले सांगितलं?"

"नाही. अन् तुम्हीही सांगू नका."

नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं मोठमोठी यंत्रं असतील. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला लावली. उजवी बोटं आपटत राहिली. डावी लहान-लहान होत थांबली, मी थांबवली नसताना. मग बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं. परत आले तर यजमानांचा चेहरा उतरला होता. मागून त्यांनी पाहिलं होतं, की चालताना माझा उजवा हात झुलतो आणि डावा अंगाला चिकटून येतो. किती दिवसांपासून, ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

"वडिलांना होता म्हणून तुम्हाला असेलच असं नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक वेळा नसतो. मी आज आजाराला नाव देत नाही. ही गोळी काही आठवडे घ्या. हात मोकळा झाला, थरथर कमी झाली, तर मग तोच आजार समजून चालू."

"अन् नाही कमी झाली तं?" यजमानांनी विचारलं.

"तर दुसरं काही शोधू."

बसमध्ये ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मौदा गाव मागे पडल्यावर म्हणाले, "म्हणजे गोळी लागू पडू नये म्हणून देवाले सांगायचं का आता? त्यालेही समजणार नाही बाईले काय पाहिजे तं."

मी हसले. त्यांनाही तेवढंच हवं होतं.

त्यानंतरचे आठवडे मी फार वाईट काढले. औषध घ्यायचं आणि त्याने बरं वाटू नये अशी आशा करायची, हे रोज सकाळी चहाबरोबर करून बघावं. पहिल्या दिवसांत फक्त मळमळ झाली. मला त्या मळमळीचा आनंद झाला. दुकानात मी ठिपक्याचा प्रोग्राम उघडत नव्हते. कोणी रिमोट दाखवायला आलं तर त्यालाच म्हणायची, तूच लाव, तूच बघ. एके सकाळी ब्लाउजचं वरचं हुक पहिल्या झटक्यात लागलं. मी ते काढलं आणि पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा लागलं. मी स्वतःला समजावलं की ब्लाउज जुना आहे, हुक सैल झालं असेल.

त्या रविवारी मुलीने आग्रह केला. दोन रविवार मी काही ना काही कारण सांगून टाळले होते. चुंबकाचाच रिमोट घेतला, डेड झोन अगदी लहान ठेवला. शर्यत सुरू झाली. डोंगरातली वळणं आली, गेली. मुलगी तिच्या नव्या बॉसची नक्कल करत होती. मग तो लांब सरळ रस्ता आला, दोन्ही बाजूंना पिवळं गवत. मी अंगठा नुसता टेकवला.

गाडी सरळ गेली. पट्टीवरून चाक हललं नाही. रस्ता संपेपर्यंत मी अंगठा तसाच टेकवून ठेवला.

"बाप्पा! आई, आज तं तू एकदम रेषेत चालून राहिली!" मुलगी ओरडली. "रिमोट बदलला का?"

"नाही. तोच आहे."

"मग काय केलं? सांग ना वं."

मी ॲक्सिलरेटरचं बटण सोडलं. गाडी हळू होत रस्त्याच्या कडेला थांबली. मुलीची गाडी पुढे निघून गेली, मग दूरवर तिने ती वळवली आणि उलट्या दिशेने परत आणून माझ्या गाडीशेजारी उभी केली.

"काय झालं? नेट गेलं का?"

"नाही. थांब जरा, सांगायचं आहे," मी म्हटलं, आणि अंगठ्यापासून गोळीपर्यंत सगळं सांगितलं. जसं गिऱ्हाइकाला दुरुस्ती समजावून सांगते तसं, एकेक करून. गोळी लागू पडली म्हणजे काय ते शेवटी सांगितलं.

"आबाजीसारखं?" तिने विचारलं. माझ्या वडिलांना ती आबाजी म्हणायची.

"तसंच दिसते. पक्कं डॉक्टर सांगतीन."

"मी उद्या निघते."

"येऊन काय करशीन? मी चालती-फिरती आहे. दुकान उघडून राहिली रोज."

"तू चूप बस, आई."

दोन्ही गाड्या पिवळ्या गवताच्या कडेला उभ्या होत्या, बाकीचे खेळाडू आम्हाला ओलांडून जात होते. मग हेडफोनमध्ये तिच्या कीबोर्डची खटखट ऐकू आली. भराभर, थांबून, पुन्हा भराभर. ती आजाराचं नाव टाकून वाचायला लागली होती. तिला वाचू नको म्हणावं असं वाटलं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? आता पहिल्या पानावर हाताबद्दल असेल. खाली सरकली की चालण्याबद्दल येईल, मग गिळण्याबद्दल. ती किती वेगाने वाचते ते मला माहीत आहे. मी दांडीवरचा अंगठा उचलला आणि खटखट थांबायची वाट बघत बसले.